वृद्धाश्रमातल्या टवक्यांसाठी दोन डब्यांची इपॉक्सी पुट्टी: कुठे टिकते, कुठे नाही

वृद्धाश्रमात चौकटीचा किंवा कठड्याचा टवका उडाला की तो लगेच भरावा लागतो. उघड्या पडलेल्या लाकडात मुरलेली घाण जंतुनाशकाने पुसून निघत नाही, आणि वर आलेली ढलपी म्हाताऱ्या माणसाची पातळ त्वचा सहज फाडते. त्यामुळे भरायचं सामान रोजच्या पुसण्याला टिकतं का हे आधी बघावं, रंग जुळतो का हे नंतर.

या कसोटीवर इपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन डब्यांतला माल एकत्र मळला की कडक होणारी पुट्टी, उतरते. रंगीत मेणकांड्यांचं काम झटपट होतं आणि रंगही छान जुळतो. पण मेण मऊ असतं. स्पिरिटच्या बोळ्याने आणि चाकाच्या खुर्चीच्या पायटेकणीने ते निघून येतं. कपाटाच्या वरच्या फळीवर मेण चालेल, चौकटीच्या खालच्या हातभर भागात मुळीच नको. गाडीच्या पत्र्याला लावतात ती पॉलिस्टर पुट्टी लवकर वाळते, मात्र तिचा वास उग्र. माणसं राहत असलेल्या खोलीत ती आम्ही सुचवणार नाही.

पुट्टी सुटून येते ती बहुतेक वेळा तयारीत कसूर झाल्यामुळे. सैल ढलप्या छिन्नीने काढा. लॅमिनेटची चकाकी 80 किंवा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने मोडा, धूळ काढा, स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फर्निचरच्या पॉलिशचा तेलकट थर राहिला की पुट्टी अख्खी खपली होऊन निघते. बेसिनखालचा पार्टिकल बोर्ड फुगला असेल तर त्यावर पुट्टी फुकट जाते. आधी गळती थांबवा, मग फुगलेला भाग कापून नवा तुकडा बसवा.

दोन्ही डब्यांतला माल पाकिटावरच्या प्रमाणातच घ्या. बऱ्याच पुट्ट्यांना तो समसमान लागतो. लवकर वाळावी म्हणून हार्डनर, म्हणजे दुसऱ्या डब्यातला कडक करणारा माल, वाढवला तर ती उलट मऊ, चिकट राहते. दोन रंगांच्या रेघा पूर्ण मिसळेपर्यंत मळा, आणि एका वेळी लिंबाएवढाच गोळा करा. मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने हातातच घट्ट होऊ लागतो. नायट्रिलचे हातमोजे हवेतच, कारण कच्च्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की कायमची राहते. खोल खड्डा दोन थरांत भरा, वरचा थर किंचित उंच ठेवा.

दुसऱ्या दिवशी 120, 180, 240 अशा क्रमाने घासा. खोलीतल्या आजी-आजोबांना त्या वेळी दुसरीकडे बसवा आणि धूळ झाडू नका, व्हॅक्यूमने ओढा. ओलसर हवेत पुट्टीवर चिकट पापुद्रा येतो. घासण्याआधी तो कोमट पाण्याने धुवा, नाहीतर पेपर भरतो आणि वरचा रंगही धरत नाही. शेवटी प्रायमर आणि धुता येणारा रंग. रंग न देता पुट्टी उघडी सोडली तर बारीक छिद्रांत मळ साठतो.

वाकणाऱ्या भागांवर मात्र ही पुट्टी नापास. खुर्चीच्या रेग्झिनला चीर पडली तर खोळच बदला. सुटलेल्या व्हिनाइल जमिनीचा सांधा व्हिनाइलच्याच दोरीने गरम करून जोडावा लागतो, आणि तोवर त्या कडेवरून कुणाला चालू देऊ नये. जमिनीवरचं ठिगळ आसपासच्याच रंगाचं आणि बिनचकाकीचं असावं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला काळा चौकोन खड्डा वाटतो, चकाकता भाग सांडलेलं पाणी वाटतो, आणि तो चुकवायला जाऊन तोल जातो.