चिरेखाणीत एफएमसीडब्ल्यू लायडार: उन्हात पास, पाण्यात नापास

कुडाळजवळच्या आमच्या चिरेखाणीची मोजणी नेमकी एप्रिलात आली. रॉयल्टीचा हिशोब ब्रासात, त्यामुळे खड्ड्याचं घनफळ चोख हवं. माझं हातातलं लेझर मीटर सकाळी नऊपर्यंत झकास चालतं, मग तांबड्या जांभ्यावर तांबडा ठिपका शोधत बसायचं. "सायबानू, ठिपको खंय गेलो?" गडी विचारतोय आणि मीटर एरर दाखवतंय. शेवटी एफएमसीडब्ल्यू लायडार (अखंड लेझरची वारंवारता बदलत अंतर मोजणारं यंत्र) ऑपरेटरसकट दोन दिवस भाड्याने आणला.

हा लायडार झोत फेकून तो परत यायचा वेळ मोजत बसत नाही. १५५० नॅनोमीटरचा लेझर अखंड चालू, फक्त त्याची वारंवारता चढत जाते. परत आलेला प्रकाश आतल्याच लेझरच्या प्रकाशात मिसळतात. भजनात पेटीचे दोन सूर किंचित चुकले की कसा घुमारा उठतो, तसंच. प्रकाश परत येईपर्यंत आतला लेझर वर चढलेला असतो, म्हणून कडा जितका लांब, तितका घुमारा जलद. आमच्या सेटिंगला १० मायक्रोसेकंदांत १ गिगाहर्ट्झ चढ होता. त्यात ३० मीटरवरच्या कड्याचा घुमारा २० मेगाहर्ट्झ येतो. ऊन कितीही असो, ते या सुरात गात नाही. भर साडेबाराला समोरचा कडा लख्ख उमटला. पैसे तिथेच वसूल.

पण चिरे कापायचं मशीन सुरू झालं आणि स्क्रीनवर कडाच डुलायला लागला! लायडार हलला की डॉप्लर, म्हणजे हालचालीमुळे वारंवारतेत पडणारा फरक, त्याच घुमाऱ्यात घुसतो: सेकंदाला १ मीटर वेगामागे सुमारे १.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे आमच्या सेटिंगला जवळपास २ मीटरची चूक. तिपाई सेकंदाला ५ मिलिमीटरने थरथरली तरी सेंटिमीटर गेला. यावर उपाय आहे. वारंवारता चढवून आणि उतरवून दोन्ही वेळा मोजायचं. सरासरीतून अंतर मिळतं, फरकातून वेग. तो पर्याय मेनूत होता, पण ऑपरेटरने पहिला अख्खा दिवस बंद ठेवलेला. का, तर "काम लवकर उरकतं सर." दुसऱ्या दिवशी तो चालू करायला लावला आणि वर मशीनवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीतच मोजलं.

तळाशी साचलेल्या पाण्यावरून मात्र काहीच परत येईना. हा प्रकाश पाणी गिळूनच टाकतं. तिथे बांबू घालून खोली काढली, आजोबांच्या पद्धतीने.

पाऊस लागायच्या आत दुसऱ्या खड्ड्यासाठी परत घेणार आहे. ऑपरेटर वेगळा मागितलाय.