रेसचं इंजिन रोजच्या रस्त्यावर: काही महिन्यांच्या वापरानंतर

नव्याने बांधलेलं इंजिन गाडीत बसून आता बरेच महिने झाले. उन्हाळ्यातलं तुंबलेलं ट्रॅफिक, भर पाऊस, थंडीतल्या सकाळी, लांबचा हायवे आणि अधूनमधून ट्रॅक डे, सगळं बघून झालं. डायनोवरचा (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा पहिल्याच दिवशी कळतो, पण इंजिन वागतं कसं हे कळायला ऋतू बदलावे लागतात, म्हणून एवढा थांबलो. मत आधीच सांगून टाकतो: रस्त्यावरच्या गाडीत रोज अनुभवाला येते ती अश्वशक्ती नव्हे. रोज जाणवतात ते आतले क्लिअरन्स (भागांमधली बारीक अंतरं), कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) निवड आणि ऑइलची व्यवस्था. वेळ आणि पैसा तिथे घातला तर रेसचं इंजिन रोज चालवता येतं, आणि अतिशय आनंदाने चालवता येतं.

जोडणी अशी: खाली होंडाचा के-२४ ब्लॉक (सिलिंडरचा भाग), वर के-२० मालिकेतलं हेड (व्हॉल्व्हचा भाग). ८७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९९ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे २,३५४ सीसी. टर्बो नाही. फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) ११.८, स्वतंत्र ईसीयू (इंजिनचा संगणक). चाकांवर साधारण २४० अश्वशक्ती मिळते. याच सामानातून जास्त काढणारे आहेत, आणि मला ते मुद्दाम काढायचे नव्हते.

कारण लांब स्ट्रोक. ९९ मिमी स्ट्रोकला ७,८०० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास २५.७ मीटर होतो. तुलनेसाठी, होंडाच्याच एस-२००० मधलं पहिलं इंजिन ९,००० पर्यंत जायचं, पण त्याचा स्ट्रोक ८४ मिमी, त्यामुळे तिथे हा वेग २५.२ येतो. पुढे त्याच इंजिनाचा स्ट्रोक ९०.७ मिमी केला तेव्हा कंपनीने लाल रेघ, म्हणजे आरपीएमची मर्यादा, खाली आणली. हे गणित कुणालाच चुकत नाही. रॉड आणि त्याच्या बोल्टांवरचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ७,८०० वरून ८,५०० वर गेलात की आरपीएम वाढतात ९ टक्के, ताण वाढतो १९ टक्के. लिमिटर ७,८०० वरच ठेवला आणि एकदाही तो वाढवावासा वाटला नाही.

आता मशीन शॉप. इथे मी हात आखडता घेतला नाही, आणि इंजिन बांधायला निघालेल्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: पिस्टन कुठल्या कंपनीचा यावर रात्र रात्र वाद घालण्यापेक्षा बोअर कोण मारणार आणि मोजणार कसं हे आधी ठरवा. ब्लॉकला टॉर्क प्लेट लावून होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) करून घेतलं. हेडचे बोल्ट पूर्ण आवळले की सिलिंडर किंचित ओढला जातो, त्याचा गोलपणा बिघडतो. मोकळ्या ब्लॉकवर सुंदर गोल दिसणारा बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. जाड प्लेट हेडसारखीच आवळून होनिंग केलं, तर प्रत्यक्ष चालताना जो आकार असणार त्याच आकारात बोअर तयार होतो. रिंगा नीट बसतात, ऑइल खाल्लं जात नाही, आणि त्याचा फायदा इंजिन उघडेपर्यंत मिळत राहतो.

मोजमापाच्या बाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे तापमान. अचूक मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात. ॲल्युमिनियमचा ८७ मिमीचा पिस्टन दहा अंश तापला की १५ ते २० मायक्रॉन फुगतो. पिस्टन आणि बोअरमधला सगळा क्लिअरन्सच ६०-७० मायक्रॉनचा असेल, तर हातात धरून गरम झालेल्या पिस्टनचं माप घेण्यात काय अर्थ आहे? ब्लॉक, क्रँक, पिस्टन, मायक्रोमीटर, सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजणारा कारागीर मिळाला, तेव्हाच मी निर्धास्त झालो. बेअरिंगसाठी जुना ठोकताळा आहे: जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) व्यासाच्या दर मिलिमीटरला एक मायक्रॉन. रॉडचं जर्नल ४८ मिमीचं, म्हणून ४८ मायक्रॉनच्या आसपास ठेवलं. प्लास्टिगेजवर (चेपून अंतर दाखवणाऱ्या मऊ धाग्यावर) न भागवता बोअर गेजने प्रत्येक बेअरिंग मोजलं. रॉडचे बोल्टसुद्धा नुसत्या टॉर्क रेंचवर न आवळता किती ताणले गेले ते मोजून आवळले, कारण बोल्टला कुठलं वंगण लावलंय यावर टॉर्कचा अर्थ बदलतो.

पिस्टनचा मिश्रधातू मात्र रोजच्या वापराशी थेट जोडलेला आहे. २६१८ प्रकारात सिलिकॉन नावापुरतं असतं. तो चिवट, नॉकिंगचे (इंधन अवेळी पेटण्याचे) फटके सोसणारा, पण जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स मोठा ठेवावा लागतो आणि थंड इंजिनात पिस्टन बोअरवर टकटक वाजतो. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन, तो कमी फुगतो. टर्बो असता तर मी डोळे मिटून २६१८ घेतला असता. टर्बोविना, रोज सकाळी सेल्फ मारायच्या गाडीत ४०३२ हीच योग्य निवड, यावर मी ठाम आहे. थंडीत सुरुवातीला अगदी हलका आवाज येतो आणि इंजिन तापायच्या आत जातो.

कॅमवर सगळ्यात जास्त विचार केला. मोठा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा, कारण आत येणारी हवा स्वतःच्या वेगाने भरत राहते. खाली मात्र पिस्टन वर यायला लागतो तरी व्हॉल्व्ह उघडाच, आणि भरलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. म्हणून मोठ्या कॅमच्या गाड्या सिग्नलवर गुरगुरतात आणि दुसऱ्या गिअरमध्ये रखडतात. व्हीटेकमुळे (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या होंडाच्या यंत्रणेमुळे) इथे दोन वेगळे लोब (कॅमवरचे उंचवटे) मिळतात, तरी मी कॅटलॉगमधला मधला कॅम घेतला. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर पिस्टनवर मऊ माती लावून, ती किती चेपते ते बघून तपासलं: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. ४,८०० च्या सुमारास मोठा लोब लागतो आणि तिथून पुढे जे होतं ते सांगायला मला आजही पुरेसे शब्द नाहीत. पण खरा आनंद त्याच्या खालचा आहे. २,००० आरपीएमवर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी कुरकुर न करता उचलते.

ऑइल पंप बदलला, कारण के-२४ च्या मूळ पंपाबरोबर बॅलन्स शाफ्ट (थरथर कमी करणारे दांडे) येतात आणि सतत उंच आरपीएमसाठी ती जोडणी नाही. थरथर थोडी वाढली. उभ्या गाडीत स्टिअरिंगला जाणवते, हायवेवर जाणवत नाही. ऑइलच्या चेंबरमध्ये बॅफल (आडवे पत्रे) लावले, म्हणजे लांब वळणावर ऑइल एका बाजूला पळून ते ओढणारा पाइप कोरडा पडत नाही. ट्रॅकवर ऑइल प्रेशरची नोंद ईसीयूतून काढून पाहतो. दर हजार आरपीएमला १० पीएसआय या ठोकताळ्याच्या खाली वळणात ते गेलेलं नाही.

पाण्याचा काटा वर आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नका. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ऑइलच्या तापमानाचा वेगळा मीटर हे या संपूर्ण कामातलं सगळ्यात उपयोगी उपकरण ठरलं. ८० अंश झाल्याशिवाय मी ४,००० च्या वर जात नाही. जवळच्या फेऱ्यांत ते ८० ला पोचतच नाही, त्यामुळे त्या फेऱ्या सगळ्या हळूच होतात. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी असं इंजिन बांधू नये.

रोजचं बाकीचं थोडक्यात. आयडलिंग १,००० वर आहे, स्थिर. क्लच जड, ट्रॅफिकमध्ये पाय दुखतो. इंजिन माउंटिंग कडक असल्याने डॅशबोर्ड वाजतो. हायवेला ॲव्हरेज चांगलं, शहरात वाईट. उकाड्यात ट्रॅफिकमध्ये आत येणारी हवा तापली की ईसीयू इग्निशनची ठिणगी थोडी उशिरा देतो, पिकअप जरासा मंदावतो आणि तो मंदावायलाच हवा, कारण ११.८ कॉम्प्रेशनला नॉकिंग परवडत नाही. ९५ ऑक्टेनसाठी आणि ९८ साठी ट्यूनरकडून ईसीयूचे दोन वेगळे मॅप (सेटिंग) करून घेतले. पूर्ण ॲक्सिलरेटरला हवा-इंधन प्रमाण १२.८ च्या आसपास, हळू चालवताना १४.७. एक्झॉस्टला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवला आहे. थोडी शक्ती गेली, पण डोळे चुरचुरत नाहीत आणि तपासणीत अडचण येत नाही.

ऑइल बदलताना दर वेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. इंजिन न उघडता आत डोकावण्याचा याहून चांगला मार्ग नाही. लोखंड वाढलं तर बोअर किंवा रिंगा, ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टन, शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ. पहिल्या ऑइलमध्ये लोखंड भरपूर होतं, रिंगा बसताना ते यायचंच. नंतरच्या प्रत्येक अहवालात ते खाली गेलं आणि आता स्थिरावलं आहे. शिसं पहिल्यापासून नगण्य. उघडा जाळीदार फिल्टर न लावता बंद डब्यातला कागदी फिल्टर ठेवल्याचं फळ सिलिकॉनच्या आकड्यात दिसतं.

शेवटच्या लीकडाउन चाचणीत (सिलिंडरमधून किती हवा गळते ते पाहण्याच्या) चारही सिलिंडर पाच टक्क्यांच्या आत होते. आता लक्ष व्हॉल्व्ह स्प्रिंगांकडे आहे. कडक स्प्रिंगा हळूहळू ताण गमावतात आणि ते ऑइलच्या अहवालात दिसत नाही. ट्रॅकचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी रॉकर कव्हर उघडून हेड न काढता एकेक स्प्रिंग जागेवरच तपासणार आहे आणि दाब कमी आढळला तर पूर्ण संच बदलणार आहे.