पावतीवर नंबर नव्हता

मी अकाउंट्समध्ये आहे. दिवसभर लोकांची व्हाउचर्स तपासायची, सही नसेल तर परत पाठवायचं, झेरॉक्स चालणार नाही ओरिजिनल आणा म्हणून माणसाला दोन मजले खाली पिटाळायचं, हे माझं काम. आणि ह्याच मी साडेतीन वर्षं ध्यान शिकवणाऱ्या एका ग्रुपला पैसे देत होते आणि मिळालेल्या पावत्यांवर नंबर आहे की नाही हे एकदाही बघितलं नाही. नव्हता. एकाही पावतीवर नव्हता. नुसता छान जाड कागद, वर लोगो, खाली "प्रेमपूर्वक स्वीकारले".

ग्रुपचं नाव लिहायचं नाही असं वकिलांनी बजावलंय, तेव्हा ते विचारू नका. फसले कशी तेवढं सांगते, कारण बाहेर पडल्यापासून प्रत्येक जण मला एकच विचारतो, तू एवढी शिकलेली, तू कशी काय अडकलीस गं.

सुरुवात झोपेपासून झाली. त्या काळात मला झोप लागत नव्हती, घरी ताण होता, एक मैत्रीण म्हणाली अगं ये ना, फ्री सेशन आहे, ध्यान शिकवतात, नाही पटलं तर उठून जा. गेले. देव नाही, आरती नाही, खुर्च्या आणि प्रोजेक्टर. मी पहिल्यापासून बुवाबाजीच्या विरोधातली, आणि इथे तर बुवाच दिसत नव्हता, जे होते त्यांना सगळे नुसतं "सर" म्हणायचे, त्यामुळे मी निर्धास्त. पुढच्या आठवड्यात गेले तर दारातच तिघींना माझं नाव पाठ, आणि एकीने माझ्या खुर्चीवर उशी आणून ठेवलेली कारण माझी पाठ दुखते हे तिच्या लक्षात होतं. ती उशी बघून मला रडू आलं होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

उशीचं रहस्य मला वर्षभराने कळलं. पहिल्या सेशनला फीडबॅक फॉर्म भरून घेतात ना, त्यातली माहिती कार्डांवर उतरवून "स्वागत सेवा" करणाऱ्यांना वाटली जाते. कोणाची आई आजारी, कोणाचं लग्न मोडलंय, कोणाची पाठ दुखते. नंतर दीड वर्ष ती कार्डं मीच बनवली आहेत, सुवाच्य अक्षरात, आणि तेव्हा मला ते फसवणूक वगैरे काही वाटलं नाही, उलट वाटायचं आपण किती बारकाईने माणसांची काळजी घेतो. ह्याला लव्ह बॉम्बिंग म्हणतात हे मी बाहेर पडल्यावर वाचलं. हल्ली हा शब्द प्रेमप्रकरणांसाठी वापरतात पण तो १९७०च्या दशकात अशाच पंथांच्या, म्हणजे कल्टच्या, संदर्भात पुढे आला.

पैशाचं सगळं सांगत बसत नाही, क्रम मात्र बघा. आधी फ्री. मग एक कोर्स, साधारण सिनेमा-हॉटेलात उडवतो तेवढ्याच पैशांचा. मग त्याची पुढची लेव्हल, ती महिन्याच्या पगाराएवढी. मग ऑटो-डेबिट, "म्हणजे ताई दर महिन्याला अहंकार मध्ये येत नाही". मग एफडी मोडली. शेवटी पर्सनल लोन, त्याचे हप्ते मी अजून भरतेय. कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती, प्रत्येक वेळी मीच सही केली, आणि म्हणूनच पोलिसांकडे गेल्यावर पहिला प्रश्न आला की मॅडम, तुम्ही स्वखुशीने दिलेत ना?

पैशापेक्षा वाईट वहीचं झालं. प्रत्येकाला एक निळी वही मिळायची आणि रोज रात्री त्यात "सफाई" लिहायची, म्हणजे दिवसभरात मनात आलेले वाईट विचार, जुन्या चुका, कोणाला सांगितलं नाही असं काहीही. दर पंधरा दिवसांनी वही जमा करायची, ती "वाचली" जायची आणि परत मिळायची, मार्जिनमध्ये लाल पेनने छोटी फुली असायची तिथे "अजून खोल जा" असा अर्थ. मी खोल गेले. नवऱ्याबद्दल लिहिलं, कॉलेजमधलं एक प्रकरण लिहिलं, ऑफिसात एकदा आकडा फिरवला होता तेही लिहिलं.

मग बाबांचं ऑपरेशन निघालं, त्याच तारखांना निवासी शिबिर होतं, मी म्हटलं मी येणार नाही. दोन सीनियर ताई मला बाजूला घेऊन गेल्या, चहा दिला, आणि एक जण अतिशय मायेने म्हणाली, "बाबांबद्दल तू वहीत काय लिहिलं होतंस आठवतंय ना? मग आता हे प्रेम आहे की गिल्ट?" आणि तिने माझंच वाक्य मला शब्दशः म्हणून दाखवलं. त्यावर मी काय बोलणार. मी शिबिराला गेले. बाबा ऑपरेशन टेबलवर असताना मी डोळे मिटून श्वास मोजत बसले होते, ह्याची नुकसानभरपाई कुठलं कोर्ट देणार माहीत नाही.

आता कोणी म्हणेल की पापाची कबुली तर धर्मातही असते. असते. कॅथलिक चर्चमध्ये कन्फेशन शतकानुशतकं चालू आहे, पण तिथे ऐकणाऱ्या पाद्रीच्या तोंडाला कुलूप असतं, कोणी काय कबूल केलं हे त्याने फोडलं तर चर्चच्याच कायद्याने तो आपोआप बहिष्कृत होतो. म्हणजे गुपित सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर बंधन जास्त. आमच्याकडे सगळं उलटं, सांगणारीची फाइल आणि ऐकणारा मोकळा. अमेरिकेत नेक्सियम नावाचा ग्रुप होता, वरून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे कोर्स, आणि आतल्या वर्तुळातल्या बायकांकडून "कोलॅटरल" घ्यायचे, म्हणजे तारणच, बदनामी होईल असे फोटो नाहीतर घरच्यांवर आरोप करणारी पत्रं. त्याचा प्रमुख कीथ रॅनिएरी २०१९ मध्ये दोषी ठरला, २०२० मध्ये त्याला १२० वर्षांची शिक्षा झाली. तारण हा शब्द वाचला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, मी बँकेच्या कागदांवर हा शब्द रोज बघते, आणि माझी निळी वही काय होती हे मला कळायला साडेतीन वर्षं लागली.

मला शंका आलीच नव्हती असं नाही. आली होती, आणि मी माझ्या पद्धतीने ती मिटवली, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मागितलं. त्यांनी लगेच दाखवलं, लॅमिनेट केलेलं. मी खूश. आता ऐका, जपानमधल्या ओम शिनरिक्योला १९८९ मध्ये सरकारदरबारी धार्मिक संस्था म्हणून रीतसर मान्यता मिळालेली होती आणि त्याच लोकांनी २० मार्च १९९५ ला टोकियोच्या सबवेत पाच गाड्यांमध्ये सरिन हा विषारी वायू सोडला, सोडणाऱ्यांमध्ये एक हार्ट सर्जन होता. हार्ट सर्जन! तेव्हा शिकलेली असून कशी अडकलीस ह्याचं उत्तर तिथेच मिळतं. मोठ्या लोकांबरोबरच्या फोटोंचंही तेच. अमेरिकेतल्या पीपल्स टेम्पल ह्या पंथाच्या जिम जोन्सला १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हाउसिंग कमिशनवर नेमलं होतं, पुढारी त्याच्या सभांना यायचे, आणि दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानाच्या जंगलात त्याच्यापायी ९०० च्या वर माणसं मेली, त्यात तीनशेच्या आसपास मुलं. आमच्या हॉलमध्येही फोटोंची अख्खी भिंत होती.

ठिणगी मात्र पडली ती रेकॉर्डिंगमुळे. सरांनी एका प्रवचनात (तोपर्यंत "लेक्चर"चं "प्रवचन" झालं होतं) जगात मोठा बदल होणार म्हणून एक तारीख दिली होती, ती तारीख आली आणि गेली, काही म्हणजे काही झालं नाही. मला वाटलं आता लोक तोंड लपवतील. उलट दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज, आपल्या साधनेमुळे संकट टळलं, आणि त्या महिन्यात सगळ्यांनी दुप्पट सेवा दिली, मीसुद्धा. पुढे वाचलं की अमेरिकेत १९५४ मध्ये अगदी हेच झालं होतं, २१ डिसेंबरला महापूर येणार आणि निवडक लोकांना उडती तबकडी घेऊन जाणार असं मानणारा ग्रुप होता, लिऑन फेस्टिंगर ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आत माणसं बसवून त्यांचा अभ्यास केला. पूर आला नाही, आणि एरवी पत्रकारांना टाळणारे ते लोक स्वतःहून वर्तमानपत्रांना फोन करायला लागले. नोकरी-घर सोडून बसलेल्या माणसाला "मी चुकलो" म्हणणं फार महाग पडतं हो.

तर दोन आठवड्यांनी निरोप आला की जुनी रेकॉर्डिंग "कमी ऊर्जेची" आहेत, फोनमधून डिलीट करा आणि केल्याचा स्क्रीनशॉट पाठवा. इथे माझ्यातली अकाउंटंट पहिल्यांदा जागी झाली. जुनी एन्ट्री कोणी खोडायला सांगितली की आम्ही लोक ताठ होतो, चूक झाली तर दुरुस्तीची नवी एन्ट्री घालायची, जुनी खोडायची नाही, हे ट्रेनीलाही कळतं.

मला धर्म आणि कल्ट ह्यांतला फरक जर कुठे दिसला असेल तर इथे. श्रद्धा किती विचित्र आहे त्यावर काही नसतं, बाहेरून बघितलं तर सगळ्याच श्रद्धा विचित्र दिसतात, आणि मेंबर किती किंवा वय किती ह्यावरही नसतं, आज मोठे असलेले धर्म सुरुवातीला मूठभरच होते. पण धर्मात जुनी एन्ट्री पुसता येत नाही. ग्रंथ असतो, त्याच्यावर भाष्यं असतात, भाष्यांवर भांडणं असतात, आणि पुजारी चुकला तर एखादी म्हातारी त्याच ग्रंथातला श्लोक त्याच्या तोंडावर फेकू शकते. आमचे सर गीतेतला एक श्लोक सारखा म्हणायचे, अठराव्या अध्यायातला सहासष्टावा, मामेकं शरणं व्रज, म्हणजे मला एकट्याला शरण ये, आणि "मला" म्हणजे कोणाला हे सांगायची गरजही पडायची नाही. माझ्या आजीला अठरावा अध्याय पाठ होता. तिच्या पुस्तकात मी बाहेर पडल्यावर बघितलं, तीनच श्लोक आधी, त्रेसष्टाव्यात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो, विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु. सगळा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. साडेतीन वर्षांत हा श्लोक एकदाही आमच्या कानावर आला नाही.

धर्मात सगळं आलबेल आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. चर्चमधल्या मुलांच्या शोषणाची प्रकरणं किती वर्षं दाबली गेली होती हे २००२ मध्ये बॉस्टनच्या पत्रकारांनी चव्हाट्यावर आणलं, आणि कुठल्याही मोठ्या धर्माच्या पोटात एखादा मठ, एखादं मंडळ, एखादा बुवा अगदी कल्टसारखा चालू शकतो. म्हणून पाटीवर काय लिहिलंय हे बघूच नका. हिशोब मागून बघा. मी मागितला, नम्रपणे, मेल लिहून, मागच्या वर्षीचं ऑडिट झालेलं पत्रक मिळेल का. उत्तर मेलवर आलं नाही, रविवारच्या सत्संगात आलं, माझं नाव न घेता, "काही जण इथे बुद्धी घेऊन येतात, ती चपलांजवळ ठेवावी". सगळे हसले. मीही हसले, सवयीने.

बाहेर पडायला त्यानंतरही चार महिने गेले. ज्या बायका उशी आणून द्यायच्या त्यांनी एका दिवसात मला ब्लॉक केलं, एकीने फक्त लिहिलं "तुझ्यासाठी दुःख होतंय". साडेतीन वर्षांत बाहेरची मैत्रीण उरलेली नव्हती. उरला होता माझा भाऊ. तो दर रविवारी फोन करायचा आणि ग्रुपबद्दल एक अक्षर बोलायचा नाही, गाडी कशी बंद पडली, क्रिकेट, बाबांची औषधं, असलंच काहीतरी. मला वाटायचं ह्याला काही कळतच नाही. त्याला सगळं कळत होतं, पण वाद घातला तर मी फोन उचलणं बंद करीन हे ओळखून तो गप्प बसला होता. तुमच्या घरातलं कोणी आत असेल तर त्याचं हे लक्षात ठेवा, आणि कोणी निघायच्या तयारीत असेल तर आधी बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करा, चॅटचा बॅकअप घ्या, पावत्यांचे फोटो काढा, कोऱ्या कागदावर सही दिली असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, आणि हे सगळं झाल्यावरच त्यांना कळवा. मी आधी कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवरचे सगळे जुने मेसेज उडालेले.

पैसे परत मिळतील असं वकिलांना फारसं वाटत नाही. वही मागितली होती, लेखी, दोनदा. परवा एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "ताई, तुमची वही आम्ही प्रेमाने जपून ठेवली आहे." स्क्रीनशॉट काढला, तारीख-वेळ दिसेल असा, आणि वकिलांना पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, डिलीट करू नका, नंबर सेव्ह करा, ओरिजिनल लागेल.