स्पार्स अँटेना अ‍ॅरे: चौकट बरी की ऑप्टिमायझरने विखुरलेला?

७७ गिगाहर्ट्झच्या रडारने जवळून इमेजिंग (वस्तूचं चित्र काढणं) करायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच, कारण १५ बाय १५ सेंटीमीटरचा अ‍ॅरे पाव वेव्हलेंग्थच्या अंतराने पूर्ण भरायचा तर साधारण चोवीस हजार पॉइंट होतात, तेवढे चॅनल कोण लावणार. मग मिमो (अनेक ट्रान्समीटर, अनेक रिसिव्हर, त्यांची प्रत्येक जोडी मधल्या एका व्हर्च्युअल बिंदूचं काम करते) आणि विरळ म्हणजे स्पार्स मांडणी. त्यातही दोन वाटा: चौकट, म्हणजे वर-खाली ट्रान्समीटर, डाव्या-उजव्या कडेला रिसिव्हर, सगळे समान अंतरावर. नाहीतर ऑप्टिमायझर (चांगल्या जागा शोधून देणारा प्रोग्राम) देईल त्या अनियमित जागा. मी दोन्ही बनवलेत, दोन्हींत ४८ अधिक ४८ चॅनल. (नेस्टेड, कोप्राइम या विरळ मांडण्यांचे तयार तक्ते इथे थेट उचलू नका, ते अँटेनांच्या जागांच्या फरकातून बनणाऱ्या व्हर्च्युअल बिंदूंच्या कोअ‍ॅरेसाठी आहेत, आपल्याला ट्रान्समीटर-रिसिव्हरच्या जागांच्या बेरजेचा लागतो.)

सिम्युलेशनमध्ये अनियमितच जिंकतो. चौकटीत माझ्या अँटेना ६.२५ मिमीवर, त्यामुळे ५० सेंमीवरच्या वस्तूची खोटी प्रत ३१ सेंमी बाजूला उमटते. अनियमितमध्ये तीच ऊर्जा सगळीकडे पातळ पसरते, प्रत अशी नाही. शिवाय चौकटीचा सुबक व्हर्च्युअल ग्रिड लांबच्या टार्गेटपुरताच खरा, ट्रान्समीटर-रिसिव्हरमध्ये १० सेंमी असतील तर ५० सेंमीवर मधल्या बिंदूचं गणित ५ मिमीने चुकतं, वेव्हलेंग्थच ३.९ मिमी आहे, म्हणजे बॅक प्रोजेक्शन (प्रत्येक जोडीचं खरं अंतर धरून चित्राचा एकेक बिंदू काढणं) दोन्हीकडे आलंच.

पण अनियमितमध्ये मला नडलं ते कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक चॅनलची फेजची (लहरीच्या टप्प्याची) चूक मोजून दुरुस्त करणं. धातूचा छोटा गोळा मधोमध ठेवून कॅलिब्रेट केलं, इमेज एकदम स्वच्छ. तोच गोळा ७ सेंमी बाजूला सरकवला आणि भोवती धुकं. तिथे परत कॅलिब्रेट केलं की तिथे स्वच्छ, मध्ये धुकं. कितीतरी दिवस मी कोड तपासत होतो, अँटेनांच्या जागा परत परत मोजल्या. निघालं काय, तर प्रत्येक अँटेनाचे शेजारी वेगळे, एकीला दोन्हीकडून चिकटलेले, दुसरी एकटी, त्यामुळे म्युच्युअल कपलिंग (शेजारच्या अँटेनांचा एकमेकींवरचा परिणाम) वेगळं आणि कोन बदलला की प्रत्येकीची फेज आपापल्या परीने सरकते, मग एका जागची दुरुस्ती दुसरीकडे कशी लागू पडणार? चौकटीत कोपरे सोडले तर शेजार सगळ्यांचा सारखा, चूक असली तरी सगळ्यांची जवळपास एकच, इमेज बिघडत नाही.

धुक्याचा त्रास कुठे होतो तर स्टीलच्या पट्टीशेजारी प्लास्टिकचा स्क्रू ठेवा, स्क्रू गायब. खोट्या प्रतीचं तसं नाही, ती कुठे येणार ते आधीच माहीत असतं, वस्तू मागेपुढे केली की तिचं अंतर त्याच प्रमाणात बदलतं, ओळखू येते.

ऑप्टिमायझरला किमान अंतराची अट घातली तर धुकं कमी होतं, माझंही झालं, पण गेलं नाही. प्रत्येक अँटेनाचा पॅटर्न (कोनानुसार बदलणारा तिचा प्रतिसाद) वेगवेगळ्या कोनांतून मोजायची तयारी असेल, किंवा वस्तू कायम एकाच जागी मधोमध येणार असेल, तर अनियमित घ्यायला माझी हरकत नाही, कदाचित तुम्हाला तोच जास्त आवडेल. मला कडेपर्यंत इमेज हवी असते. पुढच्या बोर्डावरही चौकटच ठेवतोय, फक्त अंतर ५ मिमी करून, चौकट लहान झाल्याने रिझोल्यूशन साडेसहावरून आठेक मिमीवर जाईल ते चालेल, खोटी प्रत मात्र ३९ सेंमीवर जाईल.