धर्म न बदलता लग्न: कोल्हापुरातली विशेष विवाह सेवा कशी आहे?

दोन वेगळ्या धर्मांच्या जोडप्यातल्या कुणालाच धर्म सोडायचा नसेल, तर लग्न लागतं ते विवाह अधिकाऱ्यापुढे, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयात. पुष्कळजण आधी महापालिकेत जातात. तिथं आधी लागलेल्या लग्नाची फक्त नोंद होते.

शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली ती १९१९ साली. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा १८७२ चा कायदा होता आणि त्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन असा कुठलाच धर्म आपण मानत नाही, असं लिहून द्यावं लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं ती अट काढली. दोघांनी आपापला धर्म ठेवून नवरा-बायको व्हायचं, ही सोय फार मोठी आहे आणि या सेवेला पहिले गुण त्याचेच.

लग्न करणार असल्याची लेखी नोटीस विवाह अधिकाऱ्याला द्यावी लागते; ती देण्याआधी दोघांपैकी एकानं जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं. इचलकरंजी, गडहिंग्लजकरांना अडचण नाही. कायमचा पत्ता सांगली किंवा बेळगावचा असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते. आईवडिलांच्या घरी पत्र पाठवा, असं मात्र कायदा कुठंही म्हणत नाही. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला लागतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असलं की काम अडतं. ते आधीच दुरुस्त करून घ्या.

सेवेची सर्वात कच्ची बाजू म्हणजे ३० दिवसांची जाहीर नोटीस. ती कार्यालयात लागते, नोटीस वही कुणीही फुकट पाहू शकतो. ज्यांना घरच्यांकडून धोका आहे त्यांच्यासाठी हा महिना जिवावरचा ठरू शकतो. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. महाराष्ट्रातही तसंच व्हायला हवं, असं आमचं ठाम मत आहे. तोवर धोका वाटत असेल तर नोटिशीच्या आधीच जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१८ चा आदेश आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारण कायद्यातलंच लागतं: वय (मुलगा २१, मुलगी १८), हयात जोडीदार, संमती देण्याची क्षमता, निषिद्ध नातं (ज्यात लग्नाला कायद्यानं मनाई आहे असं जवळचं नातं). 'धर्म वेगळा आहे' ही हरकत टिकत नाही. हरकतीचा निकाल ३० दिवसांत द्यायचा असतो आणि ती मान्य झाली तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. १ जूनच्या नोटिशीवर जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच वेळ असतो. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हजर हवेत. 'एका दिवसात लावून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. या कायद्यात तसं होतच नाही.

मालमत्तेचंही आधी समजून घ्या. एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीनं या चौघांबाहेरच्या धर्मात असं लग्न केलं, की ती त्या कुटुंबातून कायद्यानं विभक्त होते. वारसाहक्काला पुढं भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. शेतजमीन सामाईक असेल तर नोटिशीआधी वकिलाला सातबारा दाखवा.