मेहरूणकाठची स्मृतिदौड : धागे छान, ओआरएस पाणचट

जळगावात मेहरूण तलावाकाठी ही दौड दोन भावंडं वडिलांच्या आठवणीत भरवतात. वडील आत्महत्येने गेले हे फलकावर सरळ लिहिलंय, ‘अकाली निधन’ अशी पळवाट नाही. कसे गेले हे मात्र कुठेच नाही, आणि तेच बरोबर. तो तपशील आधीच खचलेल्या माणसाला घातक ठरू शकतो. फोटोला हार नाही, पुढे समई नाही. सायकल धरून हसणारे आप्पा, एवढंच.

१० किलोमीटर धावायचं, नाहीतर ५ किलोमीटर धावा किंवा चाला. शुल्क ५०० रुपये. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, आदल्या संध्याकाळीच घ्या, सकाळी झुंबड असते. टीशर्ट एक साईझ मोठा मागा, कापड आटतं.

बिब डोकं लावून केलंय. खालच्या कडेला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर उलटा छापलाय, म्हणजे मान खाली घातली की घालणाऱ्याला तो सुलटा दिसतो. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मागे रक्तगट आणि घरचा नंबर लिहायला जागा आहे, पण कागद इतका गुळगुळीत की जेलपेनची शाई घामाने फिसकटते. बॉलपेन न्या.

मनगटावर बांधायच्या धाग्यांची कल्पना अमेरिकेतल्या अशाच पदयात्रांमधून घेतली आहे. तिथे रंगीत मण्यांच्या माळा असतात: आई किंवा वडील गेले तर सोनेरी, जोडीदार गेला तर लाल, मूल गेलं तर पांढरी. न बोलता माणूस माणसाला ओळखतो, हेच त्यातलं मर्म. इथे टेबलामागची मुलं भरल्या रांगेत विचारत होती, “ताई, तुमचं कोण गेलं?” मग धागा कशाला? रंगांचा तक्ता लावून रिळं उघडी ठेवा, ज्याचा तो घेईल.

१० सप्टेंबरच्या आत्महत्या प्रतिबंध दिनामुळे सप्टेंबरचा रविवार धरलाय. थंडीत धावायला बरं, पण तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात. खेड्यावरून कोण येईल? मात्र पाऊस उघडला की या दिवसांत जीव घुसमटतो, आणि साडेसहाची दौड भाषणांपायी सातला सुटली. त्यात ओआरएस बिघडलेलं. २० लिटरच्या जारला १ लिटरवाली २० पाकिटं लागतात, फोडली दहाच. तहान भागते, घामातलं मीठ भरून येत नाही. घट्ट केलं तर चालेल, असंही नाही. क्षार जास्त झाले की मळमळ आणि जुलाब.

उरलेला पैसा जातो तो शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मिळणाऱ्या सरकारी मदतीला ‘अपात्र’ ठरलेल्या घरांतल्या मुलांच्या शाळेला. ही निवड आम्हाला फार पटली. पात्र घराला १ लाख मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. सातबाऱ्यावर घरातल्या कोणाचं नाव नसेल किंवा कर्ज बिनपरवाना सावकाराचं असेल, तर तेवढंही हाती लागत नाही. हिशेबाचा फलक लावला होता. टीशर्टचा खर्चही त्यावर होता.

काउंटरवर मात्र शुल्काच्या ५०० रुपयांवरही ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळेल असं सांगत होते. नाही मिळत. बदल्यात टीशर्ट आणि पदक घेतलं, ती देणगी कसली? वेगळी देणगी द्यायची तर २,००० च्या वर रोख देऊ नका, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर सवलत विसरा.

सगळ्यात मोठी चूक शेवटी. चालणाऱ्यांना वीस मिनिटं उशिरा सोडलं आणि १० किलोमीटरवाले आले तशी वेळ नोंदवणारी टायमिंगची चटई गुंडाळली, शेवटच्या रेषेवरच्या कमानीतली हवा काढली. अशा दौडीत शेवटच्या माणसामागे एक स्वयंसेवक चालवायचा असतो आणि तो पोचेपर्यंत कमान उभी ठेवायची असते. चार-पाच बाया अजून वळणावरच होत्या, पायात स्लिपर, मनगटाला लाल धागा. पोहे आणि केळी तेवढी त्यांच्यासाठी झाकून ठेवली होती.