वाडा हलवण्याच्या परवानग्यांसाठी घेतलेली सल्लासेवा : एक अभिप्राय

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावचा पणजोबांच्या काळातला वाडा मागील अंगाने नव्या रस्त्याच्या आखणीत सापडला आहे. परस आणि माजघर जाणार म्हटल्यावर उरलेला भाग पडू देण्यापेक्षा सगळाच वाडा सोडवून गावाबाहेरच्या आमच्या शेतात उभारावा, असे आम्हा भावांचे ठरले आणि त्यासाठी बेळगावातील एका वास्तुसल्लागार कचेरीची सेवा घेतली. मोजणी आणि परवानग्या हे दोन टप्पे पूर्ण झाले असल्याने त्यांच्यापुरताच हा अभिप्राय आहे.

मोजणीत नाव ठेवायला जागा नाही. दिंडी दरवाजापासून सोप्यातील शेवटच्या खांबापर्यंत प्रत्येक लाकडाला पत्र्याचा बिल्ला लावून तोच क्रमांक नकाशावर घातला आणि खिळे न मारता एकमेकांत बसवलेले सांधे चारही बाजूंनी छायाचित्रांत टिपले. लाकूड, चिरे आणि कौले नेता येतील, मातीच्या भेंड्यांच्या भिंती मात्र नेता येणार नाहीत, त्या नव्यानेच घालाव्या लागतील, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. फुटणाऱ्या कौलांची भरपाई मात्र आमच्या तालुक्यात अवघड नाही. खानापूरची कौले आणि कुंभारकाम सर्वांना माहीत आहे.

कायद्याची बाजूही त्यांना पक्की ठाऊक होती. कर्नाटक राज्याच्या 1961 च्या स्मारक कायद्याचे संरक्षण अधिसूचित वास्तूंनाच असल्याने आमच्या वाड्याला पुरातत्त्व खात्याची अडचण नव्हती. नवी जागा केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरच्या नियंत्रित क्षेत्रात येत नाही, हेही त्यांनी आधी तपासले. (बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या आसपास राहणाऱ्यांना या अंतरांचे महत्त्व सांगायला नको.) शेतजमीन 1964 च्या जमीन महसूल कायद्याखाली बिगरशेती करून घेणे, सर्व हिस्सेदारांची संमतीपत्रे आणि जुन्या सागवानाच्या वाहतुकीसाठी वनखात्याचा परवाना, ही यादी आम्हाला एकट्याने कधीच जुळवता आली नसती.

कमी पडले ते गावात. कचेरीने पंचायतीला दिलेला अर्ज इंग्रजीत होता आणि सोबत मराठी प्रत जोडली होती. तो कन्नडमध्ये करून आणण्यासाठी परत आला. भाषेविषयी आमची मते काहीही असोत, सीमाभागात काम करणाऱ्या कचेरीने हे गृहीत धरायलाच हवे होते, कारण त्या फेऱ्यात दीड महिना गेला. त्याहून मोठी चूक म्हणजे कागद पुरे झाले की संमती मिळालीच, असे त्यांनी मानले. ग्रामसभेत त्यांनी मणिपालच्या हस्तशिल्प वारसा ग्रामाची छायाचित्रे दाखवली. ठिकठिकाणची जुनी घरे सोडवून तिथे पुन्हा उभी केली आहेत, हे खरे आहे. लोकांनी ती कौतुकाने पाहिली. मग मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, “वाडा नेताय तर न्या की, पण पालखी कुठं थांबायची तेवढं सांगून जावा.”

जत्रेत ग्रामदेवीची पालखी आमच्या दारच्या कट्ट्यावर टेकते, मगच पुढे जाते. ही गोष्ट आम्हा भावंडांना ठाऊक होती, पण वर्षानुवर्षे पाहिलेले कुणी सांगत बसत नाही. विचारण्याचे काम सल्लागाराचे होते. त्यांची माणसे आठ वेळा गावात आली, मात्र पुजारी, पालखीचे मानकरी किंवा शेजारपाजारच्या घरी एकदाही गेली नाहीत. सभा ठरावाविना उठली.

पुढचे सुधारण्याचे श्रेय मात्र त्यांना द्यावे लागेल. कचेरीतील एक तरुण अभियंता, जो कन्नड आणि मराठी सारख्याच सहजतेने बोलतो, चार दिवस गावात राहिला, मानकऱ्यांकडे बसला, आणि रस्ता मागून जाणार असल्याने पुढचा कट्टा जागेवर ठेवता येतो हे त्याने दोरी धरून दाखवले. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला. शुल्काचा दुसरा हप्ता आम्ही थोडी कुरकुर करून, पण पूर्ण दिला. वाडा हलवू इच्छिणाऱ्यांना ही कचेरी मी सुचवीन, मात्र पहिल्याच दिवशी त्या अभियंत्याला गावात पाठवा, असे लेखी मागून घ्यावे.

सुधारित नकाशा आता पंचायतीत लावला आहे. त्यात कट्ट्याच्या चिऱ्यांना क्रमांक नाहीत.